गोल टोकांचं जाड अक्षर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गोल टोकांचे बोल्ड फॉन्ट लहान मुलांच्या वस्तूंनाच शोभतात का?

उत्तर: अजिबात नाही. या जातीतला गाजलेला व्हीएजी राउंडेड १९७९ साली तयार झाला, तो फोक्सवागन या मोटारकंपनीसाठी. पुढे ॲपलच्या कीबोर्डवर तो अनेक वर्षं होता. गोलाईत जवळीक असते हे मात्र खरं. गोलसर आकाराला मऊ उच्चाराचं नाव आणि टोकदार आकाराला कडक उच्चाराचं नाव माणसं आपसूक देतात, हे मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी १९२९ सालीच नोंदवलं होतं. म्हणून शोकसंदेशाला हे अक्षर मी देणार नाही. घाबरलेल्या माणसाला वाट दाखवणाऱ्या दवाखान्यातल्या फलकाला मात्र आनंदाने देईन.

प्रश्न: साध्या बोल्ड फॉन्टला गोल टोकांची आउटलाइन, म्हणजे अक्षराच्या कडेवरून फिरणारी रेघ, दिली तर तेच काम होईल ना?

उत्तर: कृपा करून हे करू नका. या सवयीने चांगले चांगले फलक बिघडलेले मी पाहिले आहेत. आउटलाइन अक्षराला बाहेरून फुगवते तशी आतूनही फुगवते. 'ब'च्या पोटातल्या तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधीच फटीएवढी जागा असते, तीही बुजते आणि लांबून 'ब'चा 'व' होतो.

गोल टोक म्हणजे नुसता घासलेला कोपरा नव्हे. अर्धवर्तुळात संपणारी रेघ सपाट टोकाच्या रेघेपेक्षा डोळ्याला आखूड भासते, म्हणून ती जराशी लांब काढावी लागते. दोन जाड रेघा भेटतात तिथे काळा गोळा जमतो, म्हणून सांध्यापाशी रेघ निमुळती करावी लागते. नीट घडवलेल्या फॉन्टमधला 'क' पानभर मोठा करून बघा. दांड्याला टेकण्याआधी डावीकडचं पोट आणि उजवीकडची शेपटी किंचित बारीक झालेली दिसतील. ही मेहनत आउटलाइनला जमत नाही.

प्रश्न: पुस्तकाच्या मजकुराला चालेल?

उत्तर: नको. दहा पॉइंटला गोलाई दिसतच नाही, उरते फक्त जाडी. शीर्षक, बटण, वेष्टन, फलक ही त्याची जागा.

प्रश्न: देवनागरी फॉन्ट निवडताना काय तपासावं?

उत्तर: आधी शिरोरेघ. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेघेची टोकं गोल असून ती एकमेकांना नुसती टेकत असतील, तर शब्दभर खाचा दिसतात. गोलाई शब्दाच्या दोन टोकांनाच हवी. मग 'सर्वांना' टाइप करा. एकाच कान्यावर रफार आणि अनुस्वार येतात, आणि जाड फॉन्टमध्ये त्यांचा हमखास गोळा होतो. 'वैशिष्ट्य'ही लिहून बघा, त्यातलं जोडाक्षर बुजत नाही ना ते कळेल. 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाचा 'बालू' हा गोल टोकांचा जाड फॉन्ट मोफत मिळतो. हे दोन्ही शब्द आधी त्यात लिहा आणि तुमच्या मनातला फॉन्ट त्याच मापात शेजारी ठेवून तीन पावलं मागून बघा.