पाच बदामांवर पुन्हा बोलावे काय?

गेल्या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे ब्रिजमधील एकाच अडचणीविषयी आहेत. (चार इस्पिक ही बोली म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक चार, असे दहा हात करण्याचा पण.) दोन्ही बाजू बोली लावत असताना आणखी एक पायरी वर जावे, पास म्हणावे, की डबल (समोरची बोली फसेल असे, गुण आणि दंड वाढवणारे आव्हान) द्यावे? प्रतिस्पर्धी गप्प असले तर भिडूला प्रश्न विचारायला जागा असते. ते बोलू लागले की ती जागा नाहीशी होते आणि निर्णय अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. म्हणून अशा निर्णयाचे माप त्या क्षणी टेबलावर जे कळू शकत होते त्यावरूनच घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पुढील उत्तरांत मी तेच माप लावले आहे.

प्रश्न (एक वाचक, पुणे): संघ स्पर्धेतील डाव, म्हणजे तीच पाने दोन टेबलांवर. प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल (जिंकल्यास बक्षीस आणि फसल्यास दंड दोन्ही मोठे अशा स्थितीत) होते, आम्ही नव्हतो. मी दक्षिणेला होतो आणि माझी पाने अशी होती : इस्पिक राजा-९-७-४, बदाम ६, चौकट राणी-१०-८-५-३, किलवर ८-६-२. पश्चिमेने एक बदामाने सुरुवात केली, भिडूने एक इस्पिक म्हटले, पूर्वेने थेट चार बदाम म्हटले आणि मी चार इस्पिक बोललो. पश्चिमेने पाच बदाम म्हटल्यावर भिडू आणि पूर्व दोघेही पास झाले, तेव्हा मी पाच इस्पिक म्हटले. डबल झाले, भिडूचे आठच हात झाले आणि ५०० गुण गेले. दुसऱ्या टेबलावर आमच्या जोडीने पाच बदाम खेळून एक हात कमी केला होता, त्यामुळे डावात १२ इंप (दोन टेबलांवरील गुणांच्या फरकावरून संघाला मिळणारे अंक) गेले. संघातील सहकारी म्हणतात की चार इस्पिक हीच मूळ चूक होती. ते बरोबर आहे काय?

उत्तर: बरोबर नाही. आपले चार इस्पिक उत्तम होते. चूक पाच इस्पिकांची झाली. सहकाऱ्यांनी दोन वेगळे निर्णय एकाच गाठोड्यात बांधले आहेत, ते सोडून पाहू.

आपण चार बदामांवर पास झाला असता तर काय झाले असते? दुसऱ्या टेबलावरून दिसते की बदामाचे दहा हात होते. म्हणजे आपल्या टेबलावर ६२० गेले असते, दुसरीकडचे १०० धरून ७२०, आणि त्याचेही १२ इंपच होतात. ज्याला सहकारी सुरक्षित मार्ग म्हणतात तो तितकाच महाग पडला असता. चार इस्पिक बोलून पाच बदामांवर आपण थांबला असता, तर दोन्ही टेबलांवर एकच निकाल येऊन डाव शून्यावर सुटला असता.

हे सारे निकाल पाहून सुचलेले शहाणपण आहे, असे आपण म्हणाल. म्हणून निकाल बाजूला ठेवून, केवळ आपल्या तेरा पानांवरून हिशेब मांडू. फ्रान्सच्या जाँ-रेने व्हर्न यांनी १९६९ साली ‘ब्रिज वर्ल्ड’ या अमेरिकी मासिकात मांडलेला आणि लॅरी कोहेन यांनी १९९२ मध्ये घरोघर पोचवलेला नियम येथे उपयोगी पडतो : दोन्ही बाजूंनी आपापला सर्वांत लांब रंग हुकूम केला तर होणाऱ्या हातांची बेरीज ही साधारणपणे दोन्ही बाजूंच्या हुकमाच्या पानांच्या बेरजेइतकी असते. भिडूकडे पाच इस्पिक धरले तर आपले नऊ झाले. आपल्याकडे एकच बदाम आहे. भिडूकडे दोन किंवा तीन असतील, तर त्यांचे दहा किंवा नऊ. बेरीज १९ किंवा १८.

आता चार बदामांवर चार इस्पिक घेऊन पाहा. बेरीज १९ असून त्यांचे दहा हात असतील तर आपले नऊ होतात आणि ६२० ऐवजी १०० जातात, म्हणजे ११ इंप वाचतात. त्यांचे नऊच असतील तर आपले दहा होतात आणि १०० ऐवजी ४२० मिळून ८ इंपांचा लाभ होतो. बेरीज १८ असून त्यांचे दहा असतील तर ६२० ऐवजी ३०० जातात, पुन्हा ८ इंप. तोटा एकाच ठिकाणी आहे : बेरीज १८ आणि दोघांचे नऊ-नऊ. तेव्हा १०० मिळण्याऐवजी १०० जातात आणि ५ इंपांना मुकावे लागते. व्हल्नरेबल प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध असा सौदा डोळे मिटून करावा.

पाच बदामांवर पाच इस्पिक बोलताना हाच हिशेब उलटतो. बेरीज १९ असून त्यांचे अकरा हात असतील, तर आपले आठ होऊन ६५० ऐवजी ५०० जातात. लाभ जेमतेम ४ इंपांचा. त्यांचे दहा असतील तर १०० मिळायचे तेथे ३०० जातात, ९ इंपांचा तोटा. आणि बेरीज १८ असेल तर पाच इस्पिकांत लाभाची एकही शक्यता उरत नाही : त्यांचे अकरा असले तर आपले सात, म्हणजे ६५० ऐवजी ८०० गेले, त्यांचे दहा असले तर आपल्यावर जे ओढवले तेच. चारासाठी नऊ किंवा बारा पणाला लावणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. पाचवी पायरी प्रतिस्पर्ध्यांची, ही जुन्या खेळाडूंची शिकवण या आकड्यांतूनच आलेली आहे.

दुसरे कारण मला आकड्यांहून महत्त्वाचे वाटते. चार इस्पिक म्हणताना आपण आपली सारी पाने भिडूला सांगून टाकली होती : चार इस्पिक, बदाम तोकडे, पानांचे फारसे गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) नाहीत. पाच बदाम त्याच्यासमोर आले तेव्हा हे सारे ऐकून तो पास झाला. त्याच्याकडे सहा इस्पिक आणि एकच बदाम असता तर बोलण्याचा अधिकार त्याचा होता. जे आपण एकदा सांगितले आहे तेच पुन्हा सांगण्यासाठी वरची पायरी चढणे म्हणजे भिडूचा निर्णय त्याच्या हातून काढून घेणे होय. आपल्याकडे चाराऐवजी पाच इस्पिक असते तर मी इतक्या ठामपणे लिहिले नसते.

प्रश्न (एक वाचिका, नागपूर): बोलीच्या एका चर्चेत दोन प्रश्न होते. दोन्हींत भिडूने एक इस्पिकने सुरुवात केली, उजवीकडून दोन बदाम आले, आपण दोन इस्पिक म्हटले, डावीकडून तीन बदाम आले आणि भिडू व उजवीकडचा खेळाडू पास झाले. पहिली पाने : इस्पिक राणी-८-६, बदाम राणी-गुलाम-५, चौकट राजा-७-४, किलवर ९-७-५-३. दुसरी : इस्पिक राणी-८-६-४, बदाम ७, चौकट राजा-गुलाम-७-४, किलवर राणी-९-५-३. दोन्हींत आठच गुण आहेत, तरी जाणकारांनी पहिल्यावर पास आणि दुसऱ्यावर तीन इस्पिक सुचवले. गुण सारखे असताना हा भेद का?

उत्तर: गुण सारखे आहेत, पण ते कोठे बसले आहेत ते सारखे नाही. पहिल्या पानांतील बदामाची राणी आणि गुलाम पाहा. उजवीकडचा खेळाडू बदाम बोलला आहे, म्हणजे एक्का-राजा बहुधा त्याच्याकडेच आहेत आणि आपण त्याच्या मागून खेळणार आहोत. बदाम हुकूम झाले तर ही राणी बचावात एक हात देण्याचा चांगला संभव आहे. इस्पिक हुकूम झाले तर मात्र याच तीन गुणांचा भिडूला जवळजवळ काहीच उपयोग नाही. ते दोन-तीन बदाम सरळ हरायचे आहेत. शिवाय इस्पिक तीनच असल्याने आपल्या हुकमाची खात्री आठ पानांपुरती आहे. बचावाला चांगली आणि खेळायला वाईट अशी ही पाने आहेत, आणि अशा पानांवर प्रतिस्पर्ध्यांना त्यांच्या तीन बदामांत राहू द्यावे.

दुसऱ्या पानांत बदामात एकही गुण अडकलेला नाही. एकुलता बदाम गेला की पुढचे बदाम हुकमाने मारता येतात, चौथा इस्पिक त्यासाठीच हाताशी आहे, आणि चौकट-किलवरमधील चित्रे भिडूच्या चित्रांना साथ देतील. हुकूम नऊ आहेत, तेव्हा नऊ हातांच्या पायरीपर्यंत जावे. माझ्या मते येथे पास होणे ही ढिलाई ठरेल.

वर सांगितलेल्या बेरजेच्या नियमाला येथे मुरड घालावी लागते. माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन यांनी २००४ मध्ये त्या नियमावर सविस्तर टीका केली, तिचा रोख हाच होता की नुसती हुकमाची पाने मोजून भागत नाही. तोकडे रंग आणि कामाला येणारी चित्रे किती आहेत हेही पाहावे लागते. प्रतिस्पर्ध्यांच्या रंगातील राण्या आणि गुलाम बेरीज घटवतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन रंग जुळले असतील तर ती वाढते. मी नियम टाकून दिलेला नाही. आधी बेरीज मांडतो आणि मग चित्रांची जागा पाहून अर्धा-एक हात इकडे-तिकडे करतो.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर): जोडी स्पर्धेत, दोन्ही बाजू व्हल्नरेबल असताना, तीन बदामांवर तीन इस्पिक बोललो. डबल झाले, एक हात कमी पडला आणि आम्हाला सर्वांत खालचा क्रमांक मिळाला. एकाच हाताची ही एवढी शिक्षा का?

उत्तर: कारण त्या दिवशी इतर टेबलांवर बहुतेकांचे १४० किंवा ११० गेले असणार आणि आपले २०० गेले. जोडी स्पर्धेत फरक किती आहे याला महत्त्व नसते, आपण कितीजणांच्या वर आहोत याला असते. डबलशिवाय एक हात कमी पडला असता तर फक्त १०० गेले असते आणि तोच निकाल चांगला ठरला असता. आपण व्हल्नरेबल असताना आणि डबल देऊ शकेल असे प्रतिस्पर्धी समोर असताना या पायरीवर हात अधिक आखडता घ्यावा.

प्रश्न (एक वाचक, ठाणे): खेळ संपल्यावर कोणाची बोली चुकली यावर आमच्या गटात दर आठवड्याला वाद होतो आणि शेवटी ज्याला गुण मिळाले तोच जिंकतो. निवाडा करण्याची काही योग्य रीत आहे काय?

उत्तर: आहे, आणि ती सोपी आहे, फक्त तिच्याशी प्रामाणिक राहावे लागते. जे त्या डावात नव्हते आणि ज्यांचा खेळ साधारण तुमच्याच तोलाचा आहे, अशा तीन-चार खेळाडूंना केवळ एकाच खेळाडूची तेरा पाने द्या. कोण व्हल्नरेबल होते, खेळ संघाचा होता की जोडीचा, आणि तोवरच्या बोली कोणत्या, एवढेच सांगा. निकाल सांगू नका, तुमची स्वतःची बोली सांगू नका, आणि “चार इस्पिक म्हणाल ना?” असे तर मुळीच विचारू नका. प्रश्न कोणत्या सुरात विचारला यावरूनही उत्तर कळते, म्हणून शक्य तर कागदावर लिहून द्या.

उत्तरे दुभंगली तर समजावे की निर्णय खरोखर अवघड होता आणि कोणालाही दोष देण्याचे कारण नाही. चौघांनीही एकच उत्तर दिले आणि तुमची बोली वेगळी होती, तर ती यशस्वी झाली असली तरी तिचा पुन्हा विचार करा. मी स्वतः अनेक वर्षे चांगल्या निकालांमुळे एक वाईट सवय जपली होती : दुबळ्या पानांवर भिडूने तीनदा पास म्हटल्यावरही शेवटचा शब्द माझाच असे. ती सुटली ती अशाच विचारण्यातून. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अवघड वाटलेल्या शेवटच्या बोलीपेक्षा चूक पुष्कळदा तिच्या आधीच्या बोलीत असते, म्हणून प्रत्येक पायरीवर थांबून विचारा.

प्रश्न (एक वाचक, मडगाव): भिडू एक इस्पिक, मग उजवीकडून दोन बदाम, मी दोन इस्पिक, डावीकडून तीन बदाम. भिडूने बराच वेळ विचार केला आणि पास म्हटले. उजवीकडूनही पास आल्यावर मी तीन इस्पिक म्हटले आणि ते झाले. माझ्याकडे तीन इस्पिक, दोन बदाम आणि सात गुण होते. डायरेक्टरने (स्पर्धेच्या पंचाने) निकाल बदलून प्रतिस्पर्ध्यांना तीन बदामांचे १४० दिले. मी काहीच गैर केले नव्हते. अपील करावे काय?

उत्तर: आपल्या सचोटीवर कोणी शंका घेतलेली नाही, हे आधी मनात पक्के करा. विचार करण्याचा भिडूला पूर्ण अधिकार आहे. परंतु त्या विलंबातून आपल्याला कळले की त्याच्याकडे पास होण्यापलीकडचे काहीतरी आहे, आणि ही माहिती बोलीतून आलेली नाही. डुप्लिकेट ब्रिजचा, म्हणजे स्पर्धेतील ब्रिजचा, १६ वा नियम सांगतो की अशी माहिती मिळाल्यावर जी बोली तिच्यामुळे अधिक योग्य ठरते ती, दुसरा तर्कसंगत पर्याय असताना, निवडता येत नाही. आणि तर्कसंगत पर्याय म्हणजे तुमच्याच दर्जाच्या आणि तुमचीच पद्धत खेळणाऱ्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांनी ज्याचा गांभीर्याने विचार केला असता आणि काहींनी जो निवडलाही असता, असा पर्याय. म्हणजे डायरेक्टरही ठाण्याच्या वाचकांना मी सुचवलेलीच रीत वापरतो : भिडूचा विलंब न सांगता काही खेळाडूंना पाने दाखवतो.

नागपूरच्या वाचिकेची दुसरी पाने आपल्याकडे असती, चार इस्पिक आणि एकच बदाम, तर जवळजवळ प्रत्येकजण तीन इस्पिक बोलला असता आणि मी आपल्या बाजूने लिहिले असते. तीन इस्पिक आणि दोन बदाम असताना पास हा अगदी स्वाभाविक पर्याय आहे. आयोजकांनी वेगळे ठरवले नसेल तर अपिलाची मुदत अधिकृत निकाल पाहण्यास उपलब्ध झाल्यापासून ३० मिनिटांची असते, तेव्हा ती आता टळलीही असेल. पण ती टळली नसती तरी या पानांवर अपील करू नये, असेच मी सांगितले असते.