भाडेकरूवर केस निघाली, पण तुमचा करार नोंदवलेला कुठे आहे?

कोथरूडचा फ्लॅट तुम्ही पाच महिन्यांपूर्वी एका जोडप्याला ११ महिन्यांसाठी दिलात. परवा भाच्याने ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं आणि नवऱ्यावर २०१९ ची मारहाणीची केस निघाली, भारतीय दंड संहिता (भादंवि) कलम ३२४, अजून चालू. "पोलीस व्हेरिफिकेशन झालं होतं, तरी असं कसं? आता बाहेर काढता येईल का?" असं विचारणारं हे या महिन्यातलं चौथं पत्र.

तुम्ही पाठवलेल्या कराराच्या फोटोत पाचशेचा स्टॅम्प पेपर आहे, नोटरीचा गोल शिक्का आहे, भिंतीला खिळे ठोकू नयेत असंही एक कलम आहे. सरकारी नोंदणी कार्यालयातल्या दुय्यम निबंधकाकडचा नोंदणी क्रमांक मात्र कुठेच नाही. ती केस घटकाभर बाजूला ठेवा, तुमचं घोडं इथे अडलंय.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायचा परवाना देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध करणं तुमच्याकडे. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उद्या तो म्हणाला की मुदत तीन वर्षांची ठरली होती, तर? एजंट म्हणाला "नोटरी पुरते", आणि तुम्ही हजार रुपये नोंदणी फी वाचवलीत. आयुष्यभराची कमाई घातलेल्या घरासाठी!

नोंदणी असती तर मुदत संपताच याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे ताब्याचे अर्ज चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता आला असता. तिथे भाडेकरूला बचावाची परवानगीसुद्धा समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई मिळते. नोंदणीशिवायही अर्ज करता येईल, पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढेल. ते फिसकटलं तर उरतो लघुवाद न्यायालयातला दावा. तिथे तारखा पडत राहतात आणि मालक म्हातारे होतात. हे मी रोज बघतो.

व्हेरिफिकेशनचं म्हणाल तर तुमच्याकडची पावती नीट वाचा. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली, एवढंच त्यात आहे. माणूस स्वच्छ आहे असं पोलिसांनी कुठेही लिहून दिलेलं नाही. तसा कागद हवा असेल तर चारित्र्य पडताळणीचा दाखला त्यानेच स्वतःसाठी काढून आणायचा असतो, आणि तो घर देण्याआधी मागायचा.

केस चालू आहे म्हणजे गुन्हा शाबीत झालेला नाही. एकाच नावाची दहा माणसं निघतात, तेव्हा तो हाच, हेही आधी पक्कं करा. आणि तुम्ही विचारलंच नव्हतं, तर त्याने लपवलं असं म्हणणं कठीण आहे: करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही. मुदतीआधी बाहेर काढण्याएवढं बळ या केसमध्ये मला दिसत नाही. त्याच्याकडून शेजाऱ्यांना प्रत्यक्ष उपद्रव होत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

कुलूप बदलायचं किंवा पाणी तोडायचं मनातही आणू नका. ताबा परत मिळवायला त्याला विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम ६ आहे, आणि मग आरोपीच्या जागी तुम्ही दिसाल.

करार नोंदवायची चार महिन्यांची मुदत गेली आहे. दंड भरून पुढच्या चार महिन्यांत नोंदवता येऊ शकतो, पण त्यालाही भाडेकरूने येऊन करार आपणच केल्याची कबुली द्यावी लागते. तो येणारच असेल तर उरलेल्या सहा महिन्यांचा नवा करार करून ऑनलाइन नोंदवा. अंगठा घ्यायला माणूस घरी येतो, तासाभराचं काम. त्यात दोन ओळी घाला: आपल्यावर कोणते फौजदारी खटले चालू आहेत हे त्याने लिहून द्यावं, आणि ते खोटं निघाल्यास परवाना रद्द करता येईल. घाबरवून सही मागू नका. त्यालाही बँकेत, पासपोर्टला पत्त्याचा पुरावा लागतो, तेवढं सांगा.

मुदत संपायच्या महिनाभर आधी करार वाढवणार नाही असं स्पीड पोस्टाने कळवा आणि पोच जपून ठेवा. मुदत संपल्यानंतरच्या महिन्याचं भाडं खात्यात आलं तर मला विचारल्याशिवाय ठेवून घेऊ नका.