टिश्यू परत मागता येत नाही: हिस्टोपॅथॉलॉजीत पाऊल टाकणाऱ्या तुला

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा (टिश्यू) तपासून आजार ओळखणाऱ्या विभागात, पोस्टिंग मिळालंय आणि बरोबरचे सगळे म्हणतायत की तिथे मशिनी कमी, हातकामच जास्त, त्यापेक्षा मॉलिक्युलर (जनुकांच्या तपासणीचं काम) घे, आणि आता तुलाही वाटायला लागलंय की निर्णय चुकला की काय. नाही चुकला. हातकाम जास्त आहे हे मात्र खरंय, म्हणून पत्र जरा लांबणार.

एक गोष्ट आधी पक्की समजून घे. रक्ताचा नमुना खराब झाला तर बहुतेक वेळा पेशंटला बोलावून परत घेता येतो. टिश्यूचं तसं नाही. एंडोस्कोपीतून निघालेला तो दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा, त्याच्यासाठी कोणीतरी उपाशी राहिलेलं असतं, घाबरत टेबलावर झोपलेलं असतं, आणि ऑपरेशन करून काढलेली गाठ तर एकदाच निघते. त्यामुळे आपल्या लॅबमध्ये घाई करणारा माणूस कितीही हुशार असला तरी मला तो बेंचवर नको असतो.

फॉर्मॅलिन, म्हणजे टिश्यू सडू नये म्हणून तो ज्यात ठेवतात ते द्रव, सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं पण निम्मं काम तिथेच बनतं किंवा बिघडतं. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम हा जर्मन डॉक्टर फॉर्मॅल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होता, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याच बोटांची कातडी कडक झालीये, आणि तिथून टिश्यू टिकवायला ते वापरायची कल्पना निघाली. आजही आपण तेच वापरतो, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, म्हणजे त्यात फॉर्मॅल्डिहाइड साधारण ४ टक्के. ते आत शिरतं फार सावकाश, ढोबळ हिशेब तासाला एक मिलिमीटर, आणि जितकं खोल तितकं आणखी हळू. आता विचार कर, ब्रेस्टचा मोठा नमुना न कापता तसाच छोट्या डब्यात कोंबून आला तर मधली गाठ रात्रभर सडतच राहणार ना? म्हणून फॉर्मॅलिन टिश्यूच्या निदान दहापट हवं, आणि ब्रेस्टचा नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, पुढे ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा, नाहीतर हॉर्मोन रिसेप्टर आणि हर-टू या ब्रेस्ट कॅन्सरच्या तपासण्यांच्या रिझल्टवर भरवसा ठेवता येत नाही, आणि त्याच रिझल्टवर त्या बाईची ट्रीटमेंट ठरते. फॉर्मवर वेळ लिहिलेली नसेल तर ऑपरेशन थिएटरला फोन कर. ते वैतागतील, वैतागू देत.

एम्बेडिंग, म्हणजे टिश्यू मेणात बसवून त्याचा ब्लॉक बनवणं, लोक हलकं काम समजतात. चूक आहे. त्वचेचा तुकडा कडेवर उभा बसला पाहिजे, सगळे थर एका सेक्शनमध्ये (कापलेल्या पातळ चकतीत) दिसले पाहिजेत, नळीसारखं काही असेल तर आडवा गोल छेद यायला हवा. आडवातिडवा बसवलेला तुकडा नंतर कितीही छान कापला, तरी मार्जिनमध्ये (काढलेल्या भागाच्या कडेला) कॅन्सर आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येणार नाही. आणि ग्रॉसिंगच्या (आलेला नमुना नुसत्या डोळ्यांनी बघून त्यातले तुकडे घेण्याच्या) नोंदीत तीन तुकडे लिहिलेत तर ब्लॉकमध्ये तीनच दिसले पाहिजेत, दोन दिसले तर तिथेच थांब, तिसरा सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

मायक्रोटोमवर, म्हणजे ब्लॉक कापायच्या यंत्रावर, हात बसायला महिने लागतात, त्याची काळजी करू नकोस. आपण ३ ते ४ मायक्रॉनचा सेक्शन कापतो, लाल रक्तपेशी साधारण ७ मायक्रॉनची असते, म्हणजे एका पेशीपेक्षाही पातळ, हे मला अजूनही भारी वाटतं. खरी जोखीम ट्रिमिंगमध्ये, म्हणजे टिश्यू पूर्ण दिसेपर्यंत ब्लॉकचा वरचा थर कापून काढण्यात, आहे. छोट्या बायोप्सीत चाक दोन-चार वेळा जास्त फिरलं की निदान करायचा भागच कचऱ्यात जातो. त्यात फुफ्फुसाची सुईची बायोप्सी असेल तर नुसत्या नेहमीच्या स्टेनवर (रंगावर) भागत नाही, पुढे इम्युनो (अँटिबॉडी वापरून करायचा स्टेन) लागणार, ईजीएफआर आणि अल्क या जनुकांच्या तपासणीसाठी टिश्यू लागणार, आणि ब्लॉक दर वेळी परत लावला की तो सपाट करण्यातच थोडा टिश्यू वाया जातो. म्हणून अशा केसमध्ये लॅबचा जो नियम असेल त्याप्रमाणे जादा सेक्शन पहिल्याच वेळी कापून ठेव. लॅबमध्ये असा नियमच नसेल तर सीनियरला विचार, का नाही म्हणून.

एका वेळी एकच ब्लॉक. स्लाइडवरचा नंबर आणि ब्लॉकचा नंबर सेक्शन उचलताना ताडून बघायचा, आधी नंबर घालून स्लाइडांची रांग लावून ठेवायची नाही. आणि प्रत्येक ब्लॉकनंतर वॉटर बाथच्या (सेक्शन तरंगवायच्या कोमट पाण्याच्या भांड्याच्या) पाण्याचा वरचा थर टिश्यू पेपरने पुसून घे, कारण वर तरंगत राहिलेला आधीच्या पेशंटचा कण पुढच्याच्या स्लाइडवर चिकटू शकतो, आणि तो कण कॅन्सरचा असला तर? कामाचा कितीही ढीग असो, यात सूट नाही.

स्टेन झालेल्या स्लाइड ट्रेमध्ये भरण्याआधी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघ, कंट्रोलसकट (ज्या स्लाइडचा निकाल आधीच माहीत असतो ती). काय बघायचं हे कळण्यासाठी आजार थोडे वाचावे लागतील. उदाहरण देते, अमायलॉइडसाठी (टिश्यूत साचणारं एक विकृत प्रोटीन) काँगो रेड स्टेन करताना सेक्शन ८ ते १० मायक्रॉनचा जाड लागतो, सवयीने ३ चा कापलास तर रंग फिका येतो आणि अमायलॉइड असूनही निसटू शकतं. हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं, पण कारण माहीत असलं की विसरत नाही.

फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच टिश्यू गोठवून कापण्याला, सुरुवातीला नुसतं उभं राहून बघ. पेशंट भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर असतो, वीसेक मिनिटांत उत्तर द्यायचं असतं. टिश्यू ताजा, फिक्स न केलेला, म्हणजे त्यातले जंतू जिवंत असू शकतात, त्यामुळे टीबीची शंका असेल तर क्रायोस्टॅटला (गोठवून कापायच्या यंत्राला) हात लावण्याआधी पॅथॉलॉजिस्टशी बोलायचंच.

आणि स्वतःला जप. फॉर्मॅल्डिहाइडमुळे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय, आणि नाकाला वासाची सवय होते, म्हणून वास येत नाही म्हणजे हवा चांगली असं धरू नकोस, एक्झॉस्ट चालू आहे का ते बघ. मायक्रोटोमचं चाक लॉक केल्याशिवाय आणि ब्लेडवर गार्ड सरकवल्याशिवाय ब्लॉक काढायला बोटं पुढे न्यायची नाहीत. लॉक कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घे.

कोणते ब्लॉक कापायला मिळाले ते कळव, रिबन (सलग कापलेल्या सेक्शनच्या पट्ट्या) तुटत असतील तर तेही, फोनवर बोलू.

तुझी,
मॅडम