नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातले पाणी इतके उथळ असूनही तिथे एवढे पक्षी का येतात?

पक्षी येतात ते पाणी उथळ आहे म्हणूनच, आणि ते उथळ झाले ते गाळामुळे. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. प्रवाह मंदावताच नद्यांनी आणलेली माती तळाशी बसत गेली आणि साठ्यात बेटे, दलदल व गुडघाभर पाण्याचे पट्टे तयार झाले. अशा पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, त्यामुळे पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आधाराने शंख-शिंपले, किडे आणि मासे पोसले जातात. मग प्रत्येक पक्षी आपापल्या खोलीवर चरतो: लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चिखलातून चालत किडे टिपतो, चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो, तर हिवाळी पाहुणा थापट्या पृष्ठभागावरचे पाणी चोचीतून गाळून घेतो. खोल जलाशयाच्या मध्यभागी यांतल्या एकाचेही पोट भरणार नाही. (सिंचनाच्या दृष्टीने मात्र हाच गाळ तोटा आहे, कारण साठवणक्षमता त्यानेच घटते.) महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून 2020 मध्ये जाहीर झालेली ही जागा अशा रीतीने मानवनिर्मित आहे. एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की पाण्याची पातळी वरच्या धरणांतून होणाऱ्या विसर्गावर आणि कालव्यांच्या आवर्तनांवर अवलंबून असल्याने गेल्या वर्षी थवे दिसलेला पट्टा यंदा बुडालेला किंवा कोरडा असू शकतो.