घालण्यापेक्षा काढायला आधी शीक

अगं ताई, घाबरू नको, पीपीई, म्हणजे संसर्गापासून वाचवणारे गाऊन, मास्क, गॉगल, ग्लोव्हज, घालणं दोन-तीन वेळात जमतं, खरी गडबड काढताना होते कारण ड्यूटी संपलेली असते, जळगावच्या मे महिन्यात आतून पूर्ण भिजलेलो असतो आणि कधी एकदा फेकतो असं होतं. तिथंच हात तोंडाला लागतो.

घालताना क्रम: हात सॅनिटाइज, गाऊन, मास्क, गॉगल, शेवटी ग्लोव्हज, ते गाऊनच्या बाहीवर चढलेले पाहिजेत, मनगट उघडं नको. एन-९५ मास्कची वरची पट्टी डोक्याच्या मागं वर, खालची कानाखाली मानेवर. मग दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोड, नाकाजवळ हवा लागली तर मास्कची नाकावरची क्लिप दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून परत बघ. हे रोज कर, कंटाळा नको.

काढताना:
- आधी ग्लोव्हज. एकाची बाहेरची बाजू मनगटाजवळ धरून उलटा काढ, तो दुसऱ्या मुठीत ठेव, मग उघडं बोट दुसऱ्याच्या आतून घालून तोही उलटा.
- गॉगल मागच्या पट्टीनं.
- गाऊन आतून बाहेर गुंडाळत, समोर हात न लावता.
- मास्क सगळ्यात शेवटी, रूमच्या बाहेर आल्यावर. आधी खालची पट्टी मग वरची, पुढचा भाग धरायचाच नाही.

मध्ये कुठंही हाताला काही लागलं असं वाटलं की लगेच सॅनिटायझर, आणि शेवटी तर हवाच.

नवीन पोरी दोन चुका हमखास करतात, मास्क हनुवटीवर ओढून बोलणं आणि ग्लोव्हज घालून मोबाईल उचलणं. डबल ग्लोव्हज वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नको. सुरुवातीला सोबतच्या सिस्टरला समोर उभं करून एकेक स्टेप मोठ्यानं बोलायला लाव.