'नकबा'ला 'महाआपत्ती' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: पॅलेस्टिनी लेखकांची पुस्तकं वाचायला घेतली की पानोपानी 'नकबा' भेटतो. मराठीत त्याला 'महाआपत्ती' म्हटलं तर चालेल का? तो नकबा की ती नकबा? आणि मधेच दिसणारा 'नकसा' ही छपाईची चूक आहे का?

नकसा ही चूक नाही, तो स्वतंत्र शब्द आहे. या दोन शब्दांतला फरक कळला की त्या पुस्तकांचा कालक्रम आपोआप लागतो.

अरबीत 'नकबा' म्हणजे कोसळलेलं मोठं संकट. 'नकबहु-द-दह्र' असा तिथला वाक्प्रचार आहे, म्हणजे अगदी आपलं 'काळाने घाला घातला'. १९४८ला, म्हणजे इस्राएल उभं राहताना पॅलेस्टिनींवर जी वेळ आली तिला, हे नाव रूढ झालं ते कॉन्स्टंटाइन झुरैक यांच्या 'मअना अन-नकबा' या छोट्या पुस्तकामुळे. झुरैक दमास्कसचे, बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात इतिहास शिकवणारे. लढाई पुरती थांबलेलीही नव्हती तेव्हा, १९४८मध्येच, त्यांनी ते लिहिलं. पॅलेस्टाइनमधला अरबांचा पराभव हा साधा 'नकसा' नाही, तर शब्दाच्या पुऱ्या अर्थाने 'नकबा' आहे, असं ते बजावतात. म्हणजे दोन्ही शब्द तिथे आधीच समोरासमोर उभे आहेत. पुढे १९ वर्षांनी, जून १९६७च्या युद्धात इस्राएलकडून झालेल्या पराभवाला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या भाषणात 'नकसा' म्हटलं गेलं आणि तेच नाव चिकटलं. नकसा म्हणजे बऱ्या होत आलेल्या रोग्याचं दुखणं पुन्हा उलटणं. त्या धातूचा मूळ अर्थही 'उलटा करणे' असाच आहे, त्यामुळे मराठीतलं 'दुखणं उलटणं' इथे नेमकं बसतं.

झुरैकांच्या आधीही हा शब्द वापरात होता. जॉर्ज अँटोनियस यांनी १९३८च्या त्यांच्या ग्रंथात १९२० साल अरबांत 'नकब्याचं वर्ष' म्हणून ओळखलं जातं, अशी नोंद केली आहे. त्या वर्षी इंग्रज आणि फ्रेंचांनी अरब मुलूख वाटून घेतला होता. १९४८नंतर मात्र सातेक लाख माणसं घरादाराला मुकली, चारशेहून अधिक गावं ओस पडली आणि आधीचा नकबा मागे पडला. त्याच युद्धाला इस्राएलमध्ये स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात. त्यामुळे कुठलं नाव वापरलंय यावरून पुस्तक कुणाच्या अंगणातून बोलतंय ते चटकन कळतं.

म्हणूनच 'महाआपत्ती' मला पटत नाही. आजच्या मराठीत 'आपत्ती' म्हटलं की पूर, दरड, भूकंप आणि आपत्ती व्यवस्थापन कक्ष डोळ्यासमोर येतो. तिला कर्ता नसतो. नकब्याला आहे, आणि तो कोण यावर तर सगळा वाद आहे. भाषांतर करायचंच असेल तर 'घाला' जवळचा. पण न करणंच बरं, कारण ते आता विशेषनाम झालं आहे. पानिपत या गावाच्या नावाचं मराठीत सामान्यनाम झालं, आपण 'निवडणुकीत पानिपत झालं' म्हणतो. इथे उलट घडलं, सामान्यनाम एकाच घटनेचं नाव होऊन बसलं.

लिंग पुल्लिंगच ठेवा. अरबीत शब्द स्त्रीलिंगी आहे, पण 'कलआ' आणि 'किस्सा' हेही तिथे स्त्रीलिंगीच. मराठीत आल्यावर तो किल्ला आणि तो किस्सा झाला. तेव्हा 'नकबा झाला', 'नकब्यानंतर'. 'नक्बा' असं जोडाक्षर करायची गरज नाही. 'नकटा' आपण जसा वाचतो तसाच 'नकबा' बरोबर वाचला जातो.

दोन्ही शब्द एकत्र अनुभवायचे तर घस्सान कनफानी यांची १९६९ची 'हैफाला परत' ही छोटी कादंबरी घ्या. १९४८मध्ये हैफातून पळताना तान्हं मूल मागे राहिलेलं जोडपं नकशानंतर वाट मोकळी होते तेव्हा आपलं जुनं घर बघायला जातं. दिवाणखान्यातल्या फुलदाणीत मोराची पिसं तशीच आहेत, पण होती सात, आता पाच. नवरा सईद ती मोजतो आणि दोन कुठे गेली म्हणून विचारतो. इतक्या लहानशा प्रश्नातून एवढं दुःख सांगणारा प्रसंग मी क्वचितच वाचला आहे. इतिहास सलग हवा असेल तर रशीद खालिदी यांचं २०२०चं 'द हंड्रेड इयर्स वॉर ऑन पॅलेस्टाइन' घ्या. त्याची सुरुवात १८९९ साली यरुशलेमच्या युसुफ दिया यांनी ज्यूंच्या राष्ट्राची चळवळ चालवणाऱ्या हर्झलना धाडलेल्या पत्रापासून होते.

वाचताना आणखी एक जोडी सांभाळा. १९४८ला बाहेर पडलेला तो 'लाजिअ', १९६७चा तो 'नाझिह'. कवी मुरीद बरगूती या दुसऱ्या गटातले: युद्ध पेटलं तेव्हा ते कैरोत परीक्षा देत होते, आणि रामल्लाला परतायला तीस वर्षं लागली. 'मी रामल्ला पाहिलं' हे त्याच परतण्याचं पुस्तक. मराठीत पहिल्याला 'निर्वासित', दुसऱ्याला 'विस्थापित' म्हणावं. आणि जगभर विखुरलेल्यांसाठीच्या 'शतात' या शब्दाला 'डायस्पोरा' कशाला? फारसीतून आलेला 'परागंदा' आपल्याकडे आहे, आणि त्याचाही अर्थ विखुरलेला असाच आहे.