परदेशातल्या बालगृहात मिशनरी म्हणून जावं का? आमची केनियातली पाच वर्षं

तुम्ही विचारलंय की तुम्ही दोघं तिशीतले, मंडळीतर्फे (म्हणजे आपल्या चर्चतर्फे) आफ्रिकेतल्या एका बालगृहात दोन वर्षांसाठी बोलावणं आलंय, तर तिथं नेमकं काम काय पडतं आणि जावं की नाही.

आम्ही २०१३ ते २०१८ पश्चिम केनियात होतो. काकामेगापासून तासाभरावर एका चर्चनं चालवलेलं बालगृह, मुलं बेचाळीस. मी नर्स, मिरजेला शिकलेली. नवरा नगरला एका पतसंस्थेत हिशेब बघायचा. निघताना मंडळीतले सगळे म्हणत होते, "सिस्टर, तुमच्या हाताला तिथं खूप काम आहे, पण हे बिचारे काय करणार?" झालं नेमकं उलटं.

मी मनात मांडीवर बाळ, ओठांवर गाणं असलं चित्र घेऊन गेले होते. पहिल्याच आठवड्यात हातात आली सेफ्टी पिन. तिथं मातीत एक पिसू असते, तिला 'फुंझा' म्हणतात. पायाच्या बोटांत, नखाखाली शिरते आणि आत अंडी धरून वाटाण्याएवढी फुगते. पांढरी गाठ, मधोमध काळा ठिपका. पाय आधी पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात भिजवायचे, मग पिनेनं कडा मोकळी करत ती पिशवी न फुटता अख्खी बाहेर काढायची. मी दोन काढल्या आणि दोन्ही फोडल्या. शेजारी बसलेल्या घरमातेनं (तिथं सगळे 'मामा' म्हणतात, म्हणजे आई) माझ्या हातातून पिन घेतली आणि पोराशी गप्पा मारत मारत सात काढल्या. मिरजेचं सर्टिफिकेट तिथंच गळालं. प्रत्येक पोराला वेगळी पिन, हा नियम तेवढा मी लावला, तो मात्र टिकला. बाकी मलेरिया, गजकर्ण, खोकला चालूच असायचं. पण खरं सांगू? चार चांगल्या मामा आणि आठवड्यातून दोनदा येणारी तिथलीच नर्स, एवढ्यावर ते सगळं भागलं असतं.

शुभवर्तमान सांगायला जातोय असं मनात असेल, तर तेही जरा थांबून बघा. आम्ही होतो तिथून जवळच कैमोसीला क्वेकर (ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ) मिशन १९०२ सालीच आलं. आज जगात सगळ्यात जास्त क्वेकर ज्या देशांत आहेत, त्यांत केनिया येतो. पोरांना माझ्या दुप्पट गाणी पाठ होती. रस्त्यात कुणी भेटलं की "ब्वाना असिफिवे", म्हणजे आपलं "प्रभूची स्तुती असो". उलट त्यांनाच आमचं नवल! मुहिंदी, म्हणजे भारतीय माणूस, त्यांच्या लेखी किसुमू शहरातला दुकानदार. तो चर्चमध्ये कसा काय गातो? पहिल्या रविवारी एका पोरानं नवऱ्याला विचारलं, "तुमचं दुकान कुठंय?"

दुकान नव्हतं, पण वही होती. कोठीत मक्याचं पीठ, घेवडा, तेल यांचा हिशेब लावता लावता नवरा मुलांच्या फायलींपाशी पोचला. हजेरीपटावर बेचाळीस नावं, फायली एकोणीस. त्याला असलं काही बघवत नाही. चार महिने तो एका शिक्षकाला घेऊन मोटरसायकलवर गावोगाव हिंडला आणि प्रत्येक मुलाचं कोण, कुठं, हे वहीत उतरवलं. एकतीस मुलांची आई, बाप नाही तर आजी जिवंत होती. त्यातली कित्येक दोन तासांच्या वाटेवर.

मग ती इथं का? एड्सच्या साथीत त्या भागात एक आख्खी पिढी गेली आणि नातवंडं म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडली, हे खरं. पण आमची बहुतेक मुलं आली होती शाळेच्या खर्चापायी. केनियात प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे, पण गणवेश, वह्या, परीक्षेचे पैसे, पुढं माध्यमिकची फी, हे आजीच्या अर्ध्या एकर मक्यातून निघत नाही. बालगृहात पोर टाकलं की शाळा आणि जेवण दोन्हींची सोय होते. आजीनं हिशेबच केला होता, आणि तो चुकीचा म्हणायची माझी तरी छाती नाही.

ती वही वाचून झाली त्या रात्री मला माझी आजी आठवली. ती नगरच्या मिशन बोर्डिंगात वाढली. आमच्या घरात ती 'अनाथ होती, मिशननं वाढवली' असंच सांगितलं जायचं, आणि ते उपकार फेडायचे म्हणूनच मी केनियाला निघाले होते. पण ती स्वतः एक गोष्ट सांगायची: बाजाराच्या दिवशी तिची आई बोर्डिंगच्या फाटकापाशी येऊन उभी राहायची, पदरात भाजलेल्या शेंगा घेऊन. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली, पण आई फाटकाशी येत होती म्हणजे आजी अनाथ नव्हती, हे डोक्यात शिरायला मला विषुववृत्ताशी जावं लागलं. दुष्काळात तिच्या आईनंही तोच हिशेब केला होता. मिशननं तिला शिकवलं, ती शिक्षिका झाली, म्हणून मी आज हे लिहितेय. यात मला कृतघ्न व्हायचं नाही. पण त्याच पैशात शेंगांवालीला घरी चार पायली ज्वारी दिली असती तर, हा प्रश्न काही पाठ सोडत नाही.

आता पाहुण्यांबद्दल, कारण दोन वर्षांसाठी जाणारे तुम्हीही एका अर्थी पाहुणेच. दर जुलैत परदेशातून दहा-बारा जणांची टोळी यायची, दहा दिवसांसाठी. भिंती रंगवायच्या, खेळ घ्यायचे, फोटो काढायचे. माणसं मनानं चांगली. एक चार वर्षांची मुलगी फाटकातून कुणीही आत आलं की हात वर करून "उचल" म्हणायची. लोक म्हणायचे, किती प्रेमळ आहे! जे मूल घरात वाढतं ते अनोळखी माणसाला बघून आईमागं लपतं, हे आपल्याला ठाऊक असतं, पण तिथं कुणाला आठवत नाही. एरवी सकाळी दोरीवर रात्री पोरांनी अंथरुणात ओल्या केलेल्या दोन-तीन चादरी असायच्या. टोळी गेली की पुढचा आठवडाभर दहा-अकरा. मामा एकदा पिळता पिळता म्हणाली, "पाहुणे रडून निघून जातात, चादरी मी धुते." तिथल्या स्वाहिली भाषेत म्हणच आहे, पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. २०१८ ला आम्ही निघालो तेव्हा ती मुलगी, आता नऊ वर्षांची, फाटकाशी आली नाही. त्या आठवड्यात चादरी किती होत्या, ते मी मामाला विचारलं नाही.

शेवटची तीन वर्षं आम्ही मुलं घरी पोचवायचं काम केलं, तिथल्या सरकारी बालअधिकाऱ्याच्या हाताखाली. पहिला मुलगा बारा वर्षांचा, चौथ्या वर्षी आत आलेला. आजीनं कोंबडी कापली, लुह्या लोकांत (त्या भागातली जमात) तो मोठा मान. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. बालगृहात इंग्रजी आणि स्वाहिली, आजीला येते फक्त लुह्या भाषा. शेवटी मोटरसायकलवाल्यानं सांगितलं, "ती म्हणतेय, दुधाचे दात कधी पडले?" आठ वर्षं आम्ही त्याला खाऊ घातलं, शिकवलं, आणि त्याची भाषा काढून घेतली. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एकूण चौदा मुलं घरी गेली. दोन परत आली. एकीला काकूनं शाळेतून काढून घरकामाला जुंपलं, तिला आम्हीच परत आणलं. म्हणजे घर म्हटलं की सगळं गोड, असंही नाही. पण आमच्या वहीप्रमाणे एक मूल बालगृहात ठेवण्याच्या खर्चात तीन मुलांची फी, गणवेश आणि आजीला पीठ एवढं सहज बसत होतं. अडचण देणगीदारांची. त्यांना मुलाचा फोटो हवा असतो. आजीच्या पिठाच्या पोत्याचा फोटो कुणी फ्रिजला लावत नाही.

आता कायदाही त्याच दिशेनं चाललाय. केनियानं २०१७ ला नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, २०२२ ला नवा बालकायदा आणला, आणि २०२२ ते २०३२ अशी मुलं कुटुंबात परत पाठवायची दहा वर्षांची योजना आखली. त्यामुळे 'नवीन इमारत बांधतोय, या' असं कुणी म्हणत असेल तर कान टवकारा. पर्यटक म्हणून जाऊन काम करायचं नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामाचा तिथं वेगळा परवाना असतो, 'आय' वर्गातला, तो संस्थेनं काढून द्यायचा. व्हिसा लागत नाही म्हणून आपल्याकडचे बरेच जण नेपाळकडे बघतात. तिथं २०१५ च्या संविधानाच्या २६ व्या कलमानं धर्मांतर करवायला बंदी आहे, तेव्हा बालगृहात मुलांची प्रार्थना घेणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं.

पैशाचं म्हणाल तर मंडळीतले शब्द पहिल्या वर्षी पाळले जातात, दुसऱ्या वर्षी निम्मे. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवा, आणि ते कुणाला सांगू नका.

तर, जावं का? दोन वर्षांसाठी मुलांना माया द्यायला जाणार असाल तर मी नको म्हणेन. हिशेब, फायली, मामांचं प्रशिक्षण, घरी गेलेल्या मुलांच्या मागं फिरणं, असलं काम असेल आणि वरिष्ठ तिथलाच माणूस असेल, तर जा. स्वाहिली आत्ताच सुरू करा. 'न्यान्या' म्हणजे आजी आणि 'न्यान्या' म्हणजेच टोमॅटो. मी बाजारात एका बाईला "तुझी आजी केवढ्याला?" अशा थाटात विचारलं होतं, अजून हसतात.

हो म्हणायच्या आधी संस्थेला एवढं विचारा: किती मुलांचे आईबाप हयात आहेत, प्रत्येकाची फाइल बालअधिकाऱ्याकडे आहे का, आणि गेल्या वर्षी किती मुलं घरी गेली. उत्तर आलं की इथंच लिहा, मी वाचून सांगते.